पडद्याशी भांडण

माणसाने हात हलवला की समोरच्या भिंतीवर काहीतरी हलावं, असं काहीतरी बनवून देणं हा माझा धंदा आहे. प्रदर्शनांत, बँकांच्या नव्या शाखांत, मोठ्या कचेऱ्यांच्या दालनांत माझ्या भिंती आहेत. तुम्ही समोरून गेलात की मासे तुमच्या मागेमागे येतात, बोट लावलंत की पानं गळतात, वगैरे. माझी आई शेजाऱ्यांना सांगते, "ती टीव्हीला हात लावू देते." याहून नेमकं वर्णन मला स्वतःला कधी जमलेलं नाही. भाषणांत मात्र मी याला 'माणूस आणि यंत्र यांच्यातला संवाद' म्हणते, आणि भाषणं मी बरीच देते.

एका विमा कंपनीसाठी केलेल्या भिंतीला काचेचं बक्षीस मिळालं होतं. त्या भिंतीसमोर लोक खरोखर रेंगाळायचे. मान इकडे करायचे, तिकडे करायचे, हसूनसुद्धा बघायचे. पुढे तिथल्या स्वागतकक्षातल्या मुलीने मला सांगितलं, की भिंत बंद असली की त्या काळ्या काचेत चेहरा फार स्वच्छ दिसतो, म्हणून सगळे तिथे केस सारखे करतात. भिंत निम्मा वेळ बंदच असायची. बक्षीस मी परत केलं नाही.

तर अशा या तज्ज्ञ बाईच्या घरात सासऱ्यांचा उजवा हात निकामी झाला.

बाबा, म्हणजे माझे सासरे, फुटबॉलचे रेफरी. शाळेत खेळ शिकवणं ही त्यांची नोकरी होती आणि रेफरी असणं हा स्वभाव. निवृत्तीनंतरही ओळखीपाळखीचे लोक त्यांना रेफरीच म्हणत. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. माझं आणि नवऱ्याचं वाजलं की बाबा वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणायचे, "फाउल." कुणाचा ते सांगायचे नाहीत. ज्याचा असेल त्याला बरोबर कळायचं. बहुतेक वेळा मलाच कळायचं.

एका सकाळी दाढी करताना त्यांच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. नवऱ्याने वेळ न घालवता दवाखाना गाठला म्हणून निभावलं. जीभ जड झाली होती ती सुटली, पाय ओढत होता तो सरळ पडायला लागला. उजवा हात मात्र दोरीवर ओला टॉवेल लटकावा तसा खांद्यापासून लटकत राहिला. ज्या माणसाने आयुष्यभर तो हात वर करून भल्याभल्यांना मैदानाबाहेर घालवलं, तो माणूस आता तो हात दुसऱ्या हाताने उचलून टेबलावर ठेवायचा, पिशवी ठेवावी तसा.

आम्ही त्यांना पुनर्वसन केंद्रात न्यायला लागलो. तळमजल्यावरची लांबट खोली, भिंतीला लाकडी पट्ट्या, कोपऱ्यात हीटर, खिडकीशी खुर्च्यांची रांग. तिथली फिजिओ तरणीताठी, कायम घाईत, आणि सगळ्यांना काका-काकू करणारी. तिने बाबांना एक साधा व्यायाम दिला होता. टेबलावरचा पेला उचलायचा आणि फळीवर ठेवायचा. पुन्हा खाली, पुन्हा वर. बाबा पेल्याकडे बघायचे, पेला बाबांकडे बघायचा, आणि वेळ संपायची.

"काका, घरी करता ना?" फिजिओ विचारायची.

"करतो," बाबा म्हणायचे. आयुष्यात खोटा निर्णय न दिलेला माणूस सरळ खोटं बोलायचा.

त्यांना न्यायला गेले असताना एकदा फिजिओ मला बाजूला घेऊन म्हणाली, "हातात थोडी ताकद परत आली आहे हो. मी तपासलंय. पण ते वापरतच नाहीत. आणि एकटे तेच नाहीत, सगळ्यांचं तेच आहे. हजारदा तेच तेच करायला सांगते ना मी, कुणाला आवडेल? मलाही कंटाळा येतो बघून."

ती नुसती मन मोकळं करत होती. मला कुणी काही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "हा डिझाइनचा प्रश्न आहे."

अशा रीतीने ते काम मी माझ्याच गळ्यात बांधून घेतलं, आणि तेही फुकट, कारण उपकार करताना माणूस किती सुंदर दिसतो हे मला तेव्हा बघायचं होतं.

मी पद्धतशीर बाई आहे. आधी वापरणाऱ्यांशी बोलायचं, मग बनवायचं, हे मी भाषणात कायम सांगते. म्हणून मी खुर्च्यांच्या रांगेतल्या प्रत्येकाला विचारलं, "हात वर करताना तुम्हाला काय वाटतं?" एक निवृत्त ड्रायव्हर म्हणाला, दुखतं. बेकरीवाली म्हणाली, "काही वाटत नाही, म्हणून तर इथे आलेय." ही बेकरीवाली जाडजूड, मोठ्या आवाजाची, पहाटे उठून भट्टी पेटवण्यात जन्म गेलेला. तिचा डावा हात गेला होता. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "भूक लागल्यासारखं वाटतं. घरी कधी जायचं?"

या सखोल संशोधनातून मी निष्कर्ष काढला की यांना प्रोत्साहनाची गरज आहे. आणि मी बाग बनवली.

बाग खरंच देखणी होती. मोठा पडदा, त्यावर कॅमेरा. माणसाने समोर बसून हात वर केला की पडद्यावर एक कळी उमलायची, फुलपाखरू यायचं, आणि एक गोड बायकी आवाज म्हणायचा, "वा! फारच छान!" तो आवाज निवडायला मला एक अख्खा आठवडा लागला होता. आता तो आठवला तरी कानात बोटं घालावीशी वाटतात.

पहिल्या दिवशी मी बाबांनाच समोर बसवलं. सगळे बघत होते. बाबांचा हात मांडीवर पडलेला. त्यांनी बागेकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि त्यांना खोकला आला. खोकल्याने खांदा हलला. कॅमेऱ्याला वाटलं, हात उचलला. कळी उमलली, फुलपाखरू आलं.

"वा! फारच छान!" बाग म्हणाली.

"कशाबद्दल?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही हात हलवलात ना, बाबा," मी म्हटलं.

"मी खोकलो."

"हो, पण सुरुवात म्हणून..."

"खोकल्याबद्दल मला लहानपणीसुद्धा कुणी शाबासकी दिली नव्हती," बाबा म्हणाले, आणि उठून खिडकीशी जाऊन बसले.

मी मनाला लावून घेतलं नाही. एका माणसावरून निष्कर्ष काढायचा नसतो, हेही मी भाषणात सांगते. पडद्यासमोर कोण किती वेळ बसलं, याची नोंद यंत्र आपोआप ठेवायचं, आणि ते आकडे तर रोज चढत होते. मी घरी नवऱ्याला आलेख दाखवला. तो म्हणाला, "छान आहे, पण बाबा तर म्हणतात कुणी बघतही नाही त्याच्याकडे." मी म्हटलं, बाबांना माझं काही आवडतच नाही. शेवटी फिजिओनेच उलगडा केला. पडद्यासमोरची खुर्ची हीटरच्या अगदी शेजारी होती. थंडी पडायला लागली होती. लोक तिथे ऊब घ्यायला बसत होते, आणि निवृत्त ड्रायव्हर तर चक्क झोपत होता. तो घोरताना खांदा वर-खाली व्हायचा, त्यामुळे त्याची बाग सगळ्यांत जास्त बहरलेली होती.

मग मी गुण ठेवले. पदकं ठेवली. कांस्य, रौप्य, सुवर्ण. पहिल्याच दिवशी बेकरीवालीने सगळी पदकं खिशात घातली. मी हरखून फिजिओला म्हटलं, "बघ, चढाओढ हवी होती लोकांना!" फिजिओ म्हणाली, "ताई, त्या चांगल्या हाताने खेळतात."

बेकरीवालीला मी जरा दुखावल्या आवाजात विचारलं, की असं का करता?

"तुमच्या यंत्राला पदक द्यायचंय ना?" ती म्हणाली. "मग घेते. कुठल्या हाताने घेतलं त्याचं त्याला काय?"

मी हात टेकले. माझे दोन्ही हात धडधाकट होते, त्यामुळे टेकायला सोपे गेले.

त्यानंतर आठवडाभर मी केंद्राकडे फिरकले नाही. बाबा घरी काही बोलले नाहीत, पण रात्री जेवताना डाव्या हाताने चमचा धरून सूप पिताना ते मधूनच माझ्याकडे बघायचे, तेव्हा मला उगीचच वाटायचं की आता 'फाउल' ऐकू येणार. ते ऐकू येईना हे जास्त लागत होतं. आजारी पडल्यापासून त्यांनी घरातले निर्णय देणंच सोडलं होतं. मी आणि नवरा भांडलो तरी ते वर्तमानपत्र वाचत राहायचे.

बाबांसाठी फुटबॉल, हे सुचायला मला इतके दिवस का लागले ते विचारू नका. सुचलं तेव्हा मला वाटलं, काय हे माझं डोकं! मी एक खेळ बनवला. पडद्यावर गोल, वापरणारा गोलकीपर. चेंडू येतो, हात उचलून अडवायचा. अडवला की तोच गोड आवाज: "वाचवला! फारच छान!" आवाज बदलायचा कंटाळा केला होता.

बाबा समोर बसले ते माझ्यावर उपकार म्हणून. "मी गोलकीपर नव्हतो," असं त्यांनी एकदा म्हणून घेतलं. पहिला चेंडू आला. त्यांनी हात हलवला नाही. चेंडू त्यांच्या बाजूने सरळ आत गेला, जाळी हलली.

"वाचवला! फारच छान!" खेळ म्हणाला.

गोलची रेषा मी चुकीच्या जागी आखली होती. चेंडू जाळीपर्यंत पोचला तरी यंत्राला तो बाहेरच वाटत होता. घाईत तपासायचं राहून गेलं होतं.

"गोल होता," बाबा म्हणाले.

दुसरा चेंडू आला. आत गेला. "वाचवला! फारच छान!"

"अरे, आत गेलाय!" बाबा खुर्चीत पुढे सरकले. "जाळी हलली!"

मी धावत संगणकाकडे निघाले. तोवर तिसरा सुटला. कोपऱ्यातून मस्त वळून तो आत शिरला, अगदी रेषेच्या हातभर आत, आणि त्या बाईने पुन्हा तोंड उघडलं.

"गोल!" बाबा ओरडले. खोलीतले सगळे दचकले. "गोल आहे हा! रेषेच्या आत आहे!" आणि त्यांचा उजवा हात उठला. मांडीवरून सुटला, कोपरात वाकडा, बोटं अर्धवट मिटलेली, पण छातीइतका वर आला आणि पडद्यावरच्या मैदानाच्या मध्याकडे रोखला गेला. गोल दिल्यावर रेफरी असाच हात करतो. बाबांनी तो आयुष्यात किती वेळा केला असेल, कोण जाणे.

फिजिओच्या हातातला टॉवेल खाली पडला.

"काका," ती हळूच म्हणाली, "तुमचा हात."

बाबांनी हाताकडे पाहिलं. तो थरथरत होता. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हाताचं नंतर," ते म्हणाले. "आधी तो गोल दे."

त्या संध्याकाळी नवऱ्याने ते तीनदा ऐकलं आणि तिन्ही वेळा मुलासारखा रडला. माझेही डोळे भरून आले होते, हे खरं आहे. पण डोळे पुसतापुसताच माझ्या डोक्यात भाषणाचं शीर्षक तयार होत होतं, हेही तितकंच खरं आहे. 'जाणीवपूर्वक चूक: सहभागाचं नवं तत्त्व.' लोकांना शाबासकी नको असते, त्यांना चिडवा! झोपायच्या आधी मी रेषा दुरुस्त केली, आणि त्याजागी माझ्या हिशेबाने पेरलेल्या चुका घातल्या. इथे खोटा गोल, तिथे खोटा बचाव, एकसारख्या अंतराने, राग येईल पण कंटाळा येणार नाही अशा बेताने.

दुसऱ्या दिवशी बाबा स्वतःहून पडद्यासमोर जाऊन बसले. पहिली चूक झाली. बाबांनी भुवया आवळल्या. दुसरी झाली. हात थोडा हलला. तिसऱ्या चुकीला बाबा पाठ मागे टेकवून बसले.

"हे मुद्दाम केलंयस," ते म्हणाले.

"नाही हो बाबा, यंत्रच जरा..."

"सूनबाई, एक खेळाडू पडतो, आणि एक पाडून घेतो. दोघांची धूळ वेगळी उडते. एवढं मला लांबून कळतं." ते उठले. "काल मला वाटलं, बिचारं चुकतंय, कुणीतरी सांगायला हवं. आज कळलं, तू माझी गंमत बघतेयस."

त्यानंतर त्यांनी केंद्रात यायलाच नकार दिला. नवरा माझ्याशी सबंध दिवस बोलला नाही, आणि बोलला तेव्हा एवढंच म्हणाला, "माझ्या बापावर प्रयोग करतेस तू?" मी म्हणणार होते की सगळं त्यांच्याच भल्यासाठी चाललंय. मग आठवलं की भाषणाचा मसुदा माझ्या पिशवीत आहे. त्या भांडणातसुद्धा बाबांनी निर्णय दिला नाही.

चार-पाच दिवसांनी दुपारी मी चहा घेऊन त्यांच्या खोलीत गेले. ते खिडकीतून समोरच्या गल्लीत बघत होते. मी चहा टेबलावर ठेवला आणि पलंगाच्या कडेला बसले. माफी मागायची होती, पण तिचीही काहीतरी रचना डोक्यात चालली होती, म्हणून नुसती बसून राहिले. ते बहुधा बरं झालं.

"तुला वाईट वाटलं का?" बाबांनीच विचारलं.

"हो."

"मलाही वाटलं." त्यांनी डाव्या हाताने चहा घेतला. "मी हात वर केला की बावीस माणसं थांबायची. शिव्या द्यायची, अंगावर धावून यायची, पण थांबायची. आणि मी चुकलो तर ती चूक माझी. रात्री झोप यायची नाही. तुझ्या बागेत मी हात वर केला काय, न केला काय, फूल येणारच. खोकलो तरी येणार. मग मी तिथे कशाला हवा? फूल तर माझ्यावाचूनही येतंय."

मी मान हलवली. हीच गोष्ट मी गेली कित्येक वर्षं व्यासपीठावरून सांगत होते: वापरणाऱ्याच्या कृतीला वजन हवं, तिने काहीतरी बदललं पाहिजे. माझ्या भाषणात याला तीन सुंदर चित्रंही होती. पण सांगताना माझं लक्ष चित्रांकडे असायचं.

"आणि ती बाई," बाबा म्हणाले.

"कुठली?"

"फारच छानवाली. तिला काढ."

मी तिला त्याच दिवशी काढलं. मग पुन्हा पहिल्यापासून बसले. या वेळी बाबांना गोलकीपर केलं नाही. पडद्यावर एक सामना चालायचा, लाल विरुद्ध निळे. खेळात मधेच काहीतरी घडायचं. धक्का लागायचा, चेंडू रेषेबाहेर जायचा, कुणीतरी लोळण घ्यायचं. तिथे समोर बसलेल्याने हात उचलून निर्णय द्यायचा. जो देईल त्याप्रमाणे सामना पुढे. बरोबर की चूक, यंत्र काही बोलायचं नाही. चुकीचा दिला तर खेळाडू भोवती गोळा होऊन तक्रार करायचे, आणि पुढे त्या निर्णयापायी गोल झाला तर तो झालाच. रेफरीच्या शेजारी लाइनमनची, म्हणजे रेषेवरून रेफरीला मदत करणाऱ्याची, खुर्ची ठेवली, कारण माझ्याकडे एक कॅमेरा जादा होता. कारण एवढंच.

बाबांना मी म्हटलं, "मला नियम कळत नाहीत. एकदा येऊन बघाल का, कुठे चुकलंय?" या वेळी ते खरंच होतं. ते आले.

लाइनमनच्या खुर्चीत बेकरीवाली येऊन बसली. हीटर जवळ होता ना.

चेंडू रेषेबाहेर गेला. बाबांचा हात हळूहळू उठला आणि उजवीकडे झुकला: निळ्यांचा चेंडू. बेकरीवालीने हात डावीकडे केला.

"लालांचा," ती म्हणाली.

"बाई, तो हात तुमचा धडधाकट आहे," बाबा म्हणाले. "आजारी हाताने सांगा."

बेकरीवाली कुरकुरत सरसावली आणि तिने डावा हात उचलला. माझ्या पडद्याला जे कधी पकडता आलं नव्हतं, ते बाबांनी एका नजरेत पकडलं.

"आता सांगा, लालांचा कसा?"

"लाल बिचारे हरतायत."

"हा काय नियम झाला?"

"माझ्या दुकानात होता."

दोघांचे हात वेगवेगळं सांगत असतील तर काय करायचं, हे मी ठरवलेलंच नव्हतं. तो भाग लिहायचा राहिला होता. त्यामुळे सामना नुसता थांबला. पडद्यावर बावीस खेळाडू कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि आमच्याकडे बघायला लागले.

"हात खाली घ्या, बाई, थरथरतोय," बाबा म्हणाले.

"तुमचाही थरथरतोय."

"मी रेफरी आहे."

"म्हणून काय झालं?"

मी संगणकाकडे वळले तशी फिजिओने माझं मनगट पकडलं आणि तोंडावर बोट ठेवलं. ती त्या दोन हातांकडे टक लावून बघत होती. दोघांच्या कपाळावर घाम होता. निवृत्त ड्रायव्हर जागा झाला होता आणि त्याने निळ्यांची बाजू घेतली होती. शेवटी बेकरीवालीचा हात खाली आला, सामना पुढे सुरू झाला आणि ती म्हणाली, "पुढचा मी सोडणार नाही."

एवढं बघूनही मी घरी जाऊन काय करावं? ती त्रुटी दुरुस्त केली. अर्धवट काम मला बघवत नाही. दोघांचं जमलं नाही तर थोड्या वेळाने यंत्रच निर्णय देईल, अशी व्यवस्थित सोय केली. दुसऱ्या दिवशी वाद रंगात आला आणि यंत्राने मध्ये पडून निळ्यांना चेंडू देऊन टाकला. बाबा आणि बेकरीवाली एकमेकांकडे बघायला लागले.

"याला कुणी विचारलं?" बाबा म्हणाले.

"तेच ना!" बेकरीवाली म्हणाली. त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं, आणि ते माझ्याविरुद्ध होतं. मी जागच्या जागी ती सोय काढून टाकली. त्रुटी परत बसवण्यासाठी मी इतकी कधी घाई केली नव्हती.

हिवाळा सरला, हीटर बंद झाला, तरी खुर्च्या तिथेच राहिल्या. लोक आपापली वेळ संपल्यावरही थांबायचे, बाजू घ्यायचे. बेकरीवालीला शेवटपर्यंत फुटबॉल कळला नाही. तिने तशी इच्छाही दाखवली नाही. पण हरणाऱ्याच्या बाजूने ती असा हात धरून बसायची की बाबांना दोनदा निर्णय बदलावा लागला. दोन्ही वेळा ते घरी येऊन म्हणाले, "ती चुकीचीच होती. पण माझा खांदा संपला होता."

मग एक दिवस केंद्राच्या संचालकांनी बाहेरची पाहुणेमंडळी आणली. कोटातली माणसं, गळ्यात ओळखपत्रं. त्यांनी सामना बघितला, हात बघितले, आणि एक बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "फार वेगळी कल्पना आहे. दोघांचं मत जुळेपर्यंत खेळ थांबवायचा, हे तुम्हाला सुचलं कसं?"

खोलीत सगळे होते. फिजिओ, ड्रायव्हर, बेकरीवाली. बाबा माझ्या समोरच रेफरीच्या खुर्चीत. खरं उत्तर एका वाक्याचं होतं. मी तोंड उघडलं आणि माझ्या कानांना ऐकू आलं, "संवादात्मक रचनेत आम्ही अडथळ्याचा विचार नेहमीच फार बारकाईने करतो..." आणि मी बोलतच गेले. पाहुणे माना डोलवत होते. मी सहभागावर बोलले, विश्वासावर बोलले, थांबलेल्या खेळाडूंच्या कमरेवरच्या हातांवरही बोलले, जणू प्रत्येक हात मी स्वतः विचार करून ठेवला होता. बाबा काही बोलले नाहीत. बेकरीवाली बोलणार होती, पण बाबांनी तिच्याकडे बघून नकारार्थी मान हलवली.

घरी जाताना गाडीत मला राहवेना. "बाबा, तुम्ही गप्प का बसलात?"

"फाउल तर होता," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "चांगला मोठा होता. पण चेंडू तुझ्याकडे होता, केंद्राला त्यातून दोन पैसे मिळतील असं दिसत होतं. अशा वेळी रेफरी शिट्टी मारत नाही. खेळ चालू देतो."

आजारपणानंतर त्यांनी घरातला निर्णय दिला तो हा पहिला. मला इतकं बरं वाटलं की मी सिग्नलला चुकीच्या रांगेत गाडी घातली.

बाबांचा हात खांद्याच्या वर कधी गेला नाही. फिजिओने ते आधीच सांगून ठेवलं होतं. पण पेला फळीवर जातो, दाढी उजव्या हाताने होते, आणि जेवताना सूप सांडलं तर आता तो आळस असतो. बेकरीवाली मुलीकडे राहायला दुसऱ्या गावी गेली. तिची खुर्ची ड्रायव्हरने घेतली, पण तो बाबांच्या प्रत्येक निर्णयाला हो म्हणतो, त्यामुळे बाबांना आता तिथे जायचा कंटाळा येतो. "त्याला काहीतरी कर," असं त्यांनी मला परवा सांगितलं. ड्रायव्हरला काही करणं माझ्या धंद्यात बसत नाही, असं मी म्हटलं.

भाषणं मी अजून देते. तीन सुंदर चित्रं काढून टाकली आहेत, त्यांच्या जागी दोन थरथरत्या हातांचं एक छायाचित्र आहे. ते दाखवून मी सांगते की हा भाग माझ्याकडून लिहायचा राहिला होता. लोक हसतात. त्यांना वाटतं, बाई किती विनयशील आहे.